छोट्या जहाजातून अलास्का, बाबांसोबत: सात रात्रींचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी आणि बाबा अलास्काला जाऊन आलो, जुनो ते सिटका, सात रात्री, साठेक प्रवाशांचं छोटं जहाज. आल्यापासून ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, नातेवाइकांत सगळे एकच विचारतायत, की एवढ्या पैशात मोठ्या क्रूझवर दोनदा जाऊन आला असतात, मग हे का? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. विमान, जुनोतलं हॉटेल, टिप सगळं धरून माणशी आठ लाखांच्या आत-बाहेर गेले. मोठ्या जहाजाची साधी केबिन याच्या निम्म्याहून कमीत मिळते हे खरं आहे, आणि ज्यांना थिएटर, स्विमिंग पूल, रोज वेगळं रेस्टॉरंट हवंय त्यांनी खुशाल तिकडे जावं, त्यांना इथे करमणार नाही. इथे संध्याकाळी करमणूक म्हणजे जहाजावरची नॅचरलिस्ट (म्हणजे निसर्गाची माहिती देणारी) मुलगी स्क्रीनवर सीलचे फोटो दाखवते आणि साडेनऊला सगळे झोपायला जातात, बाहेर लख्ख उजेड असताना, कारण जूनमध्ये तिथे दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नंतरही पूर्ण काळोख असा होतच नाही.

पण आम्ही पैसे कशाचे दिले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. हे जहाज थांबतं. तीन-चार हजार माणसांच्या जहाजाला वेळापत्रक असतं, पुढचं बंदर असतं, ते देवमासा दिसला तरी पुढे जात राहतं. आमच्या कॅप्टनने नाश्त्याच्या वेळी अस्वल दिसलं म्हणून जहाज थांबवलं, रबरी बोटी खाली सोडल्या (तिथे त्यांना स्किफ म्हणतात) आणि आम्ही पाऊण तास किनाऱ्यापासून लांब, इंजिन बंद करून बसलो. ओहोटी होती, ते तपकिरी अस्वल किनाऱ्यावरचं गवत खात होतं, अगदी गायीसारखं मान खाली घालून, मध्येच एखादा मोठा दगड पंजाने उलटा करायचं आणि खालचं काहीतरी चाटून घ्यायचं. दगड उलटल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. बोटीत दहा माणसं होती आणि कोणी एक शब्द बोललं नाही.

बाबा माझगाव डॉकमध्ये ३३ वर्षं फिटर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आईने थंडीचं नाव ऐकूनच नको म्हटलं म्हणून आम्ही दोघंच गेलो. मला वाटलं होतं ते केबिनमध्ये बसून राहतील, पण ते रोज पहाटे पाचला डेकवर. एन्डिकॉट आर्म नावाची खाडी आहे, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, पन्नासेक किलोमीटर आत गेलं की टोकाला डॉज ग्लेशियर, म्हणजे हिमनदी. पाण्यात बर्फाचे तुकडे, काही स्कूटरएवढे, काही आपल्या वन बीएचकेएवढे, आणि त्यातून कॅप्टन जहाज इतकं हळू काढत होता की बर्फ बाजूला घासल्याचा आवाजही येऊ नये. बाबा रेलिंगला धरून म्हणाले, "बघ, हा माणूस जहाज चालवत नाहीये, नुसतं सोडतोय आणि सांभाळतोय." नंतर चीफ इंजिनिअरने त्यांना इंजिनरूम दाखवली. बाबांचं इंग्रजी जेमतेम, त्याला मराठी शून्य, पण जनरेटरपाशी दोघं अर्धा तास हातवारे करत उभे होते, वर आले तेव्हा बाबांच्या बोटाला ग्रीस लागलं होतं आणि ते त्यांनी जेवेपर्यंत धुतलं नाही.

ग्लेशियरबद्दल. फोटोत जो निळा रंग दिसतो तो खरा आहे, एडिटिंग नाही. वरच्या बर्फाच्या दाबाने आतली बरीचशी हवा निघून जाते, बर्फ घट्ट होतो, तो लाल प्रकाश शोषतो आणि निळा बाहेर सोडतो. आमच्या गाइडने पाण्यातून एक तुकडा उचलून बोटीत घेतला, नारळाएवढा, काचेसारखा पारदर्शक. कान जवळ नेला तर आतून चटचट आवाज येत होता, गरम तेलात मोहरी पडल्यावर येतो तसा पण बारीक. शेकडो वर्षं दाबली गेलेली हवा बुडबुड्याबुडबुड्याने सुटत होती. तो तुकडा हातोहात फिरला, बाबांकडे आला तेव्हा त्यांनी हातमोजा काढून उघड्या हातात धरला, बोटं लाल झाली तरी सोडेनात.

मग ग्लेशियरचा कडा कोसळला. आधी दिसतं, दोन सेकंदांनी ऐकू येतं. आपण लांब असतो म्हणून आवाज मागाहून पोचतो. इथल्या मूळ लोकांनी, म्हणजे ट्लिंगिट लोकांनी, या आवाजाला पांढरा गडगडाट असं नाव दिलंय आणि ऐकल्यावर दुसरं नाव सुचतच नाही. नंतर लाट आली, बोट वर गेली, खाली आली. बर्फाच्या तुकड्यांवर सील माद्या पिल्लं घेऊन झोपल्या होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

त्याच खाडीत फोर्ड्स टेरर म्हणून एक चिंचोळी फट आहे. १८८९ मध्ये फोर्ड नावाचा खलाशी शांत पाणी बघून होडीने आत गेला आणि भरती-ओहोटीचं पाणी फिरल्यावर सहा तास आत अडकला, त्यावरून नाव. अजूनही पाणी थांबतं तेवढ्या वेळातच आत-बाहेर करता येतं. आम्ही फटीबाहेर बोटीत वाट बघत बसलो, पाणी नदीसारखं धावत होतं, मग हळूहळू शांत झालं आणि आम्ही आत गेलो. दोन्हीकडून धबधबे, आवाज फक्त त्यांचा. मोठं जहाज इथे येऊच शकत नाही, मला वाटतं या एका दुपारीच निम्मे पैसे वसूल झाले.

देवमासे. चॅथम स्ट्रेटमध्ये गाइडने पाण्यात माइक सोडला आणि स्पीकरवर एक लांब, वर चढत जाणारा आवाज आला, मग एकदम बंद. तिने ओरडून सांगितलं, पक्षी बघा पक्षी! सीगल एका जागी गोळा झाले, पाण्यावर बुडबुड्यांचं गोल कडं उमटलं आणि त्याच्या मधोमध सात-आठ हंपबॅक जातीचे देवमासे तोंडं उघडून एकदम वर आले, एकेक आपल्या बेस्टच्या बसएवढा. ते खालून बुडबुडे सोडत गोल फिरतात, हेरिंग मासे त्या जाळ्यात कोंडतात, मग सगळे मिळून खालून झेप घेतात. हे देवमासे हिवाळ्यात हवाईला जातात, तिथे पिल्लं होतात, आणि तिथे जवळपास काहीच खात नाहीत, म्हणजे वर्षभराचं जेवण इथल्या उन्हाळ्यात. कायद्याने हंपबॅकच्या शंभर यार्डांच्या आत जाता येत नाही आणि कॅप्टनने ते काटेकोर पाळलं. पण इंजिन बंद असताना एक मादी स्वतःहून जवळ आली, श्वास सोडला आणि तो फवारा वाऱ्याने आमच्यावर. वास म्हणाल तर सकाळी ससून डॉकला बर्फाच्या पाट्या रिकाम्या करतात ना, तसा. मला आयुष्यात इतका आनंद माशाच्या वासाने झाला नव्हता.

ग्लेशियर बेला दोन दिवस होतो. मोठी क्रूझ जहाजं दिवसाला दोनच आत सोडतात. १७९४ मध्ये ब्रिटिश कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा खाडी जवळपास नव्हतीच, समोर बर्फाची भिंत. आज मार्जरी ग्लेशियरपर्यंत जायला मुखापासून सुमारे शंभर किलोमीटर आत जावं लागतं, म्हणजे सीएसएमटीहून निघून कर्जत येईपर्यंत जेवढं अंतर तेवढा बर्फ मागे गेलाय. जहाज आत जाताना दोन्ही किनाऱ्यांवर ते दिसतं: सुरुवातीला दाट जुनं जंगल, मग खुरटी झुडपं, मग शेवाळ, शेवटी उघडा खडक. बर्फाने जमीन ज्या क्रमाने मोकळी केली त्याच क्रमाने तिथे काय उगवलं ते बसल्या जागी बघायला मिळतं. बार्टलेट कोव्हला हूना ट्लिंगिट लोकांचं लाकडी सभागृह आहे, २०१६ मध्ये उघडलेलं. वाढत्या ग्लेशियरने त्यांच्या पूर्वजांना इथून उठवलं होतं, ते पुन्हा आपल्या जागी आले ही गोष्ट त्यांच्यातल्याच एका बाईंनी सांगितली आणि बाबांनी बाहेर येताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. साउथ मार्बल बेटावर सी लायनचा गोंगाट आणि पफिन पक्षी, तेही छान, पण तोवर मन भरलं होतं.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. सगळ्यात मोठी मुंबईतल्या एजंटबद्दल, नाव घेत नाही. त्याने छातीठोक सांगितलं की रेनकोट, पँट, बूट सगळं जहाजावर देतात. दिले फक्त गमबूट. बाबांना आणि मला जुनोत पोचल्या दिवशी धावपळ करून वॉटरप्रूफ जॅकेट-पँट घ्यावे लागले, दुप्पट किमतीत, आणि जुनोला तर रस्त्याने दुसऱ्या गावाहून जाताच येत नाही, विमान नाहीतर बोट, म्हणजे तिथे जे मिळेल ते. ज्या बोटीवर जाताय त्यांची यादी स्वतः वाचा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि तिथला पाऊस आपल्या जुलैसारखा कोसळत नाही, बारीक पडतो पण दिवसभर पडतो, छत्री कामाची नाही. सातातले तीन दिवस पाऊस होता, एका दिवशी धुक्यामुळे कयाकिंग रद्द झालं. त्याला कोण काय करणार.

जेवण. व्हेज सांगून ठेवलं होतं तरी पहिले दोन दिवस सॅलड आणि पास्ता. तिसऱ्या दिवशी शेफ स्वतः टेबलाशी आली, बाबांना विचारलं तुम्ही घरी काय खाता, आणि रात्री मसुराची डाळ आणि भात आला, जिऱ्याची फोडणी सुद्धा होती! त्यानंतर रोज काही ना काही. तरी मेतकूट, दाण्याची चटणी आणि लाडू बरोबर न्याच.

केबिन लहान, बाथरूममध्ये शॉवर घेतला की सगळंच ओलं. लिफ्ट नाही आणि डेकचे जिने उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर खालच्या-वरच्या फेऱ्यांचा विचार करून केबिन घ्या. पुढच्या बाजूची केबिन घेऊ नका, सकाळी नांगराची साखळी उचलतात तेव्हा डोक्यात घण बसल्यासारखं होतं. इंटरनेट जवळजवळ नाहीच. बोट लागायची भीती असेल तर, बहुतेक प्रवास बेटांच्या आडोशाने होतो, आम्हाला एका संध्याकाळीच थोडं डुलल्यासारखं झालं, आल्याचा तुकडा चघळून भागलं. अमेरिकेच्या व्हिसाचं मात्र सगळ्यात आधी बघा, बुकिंग नंतर.

कधी जावं म्हणाल तर, मे महिन्यात पाऊस त्यातल्या त्यात कमी, सामन मासे नद्यांत चढतात तेव्हा म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये अस्वलं ओढ्यांकाठी जमतात. आणि दुर्बीण प्रत्येकी एक घ्या. आम्ही दोघांत एकच नेली होती, आणि त्या पाऊण तासात ती माझ्या वाट्याला फक्त दोनदा आली, कारण बाबांना अस्वलाचे पंजे नीट बघायचे होते आणि मला त्यांच्या हातातून काढून घ्यावीशी वाटेना.