वडाच्या बोन्सायचं रिपॉटिंग, कळंब्याकडची नर्सरी – पाचपैकी चार

पहिलंच सांगतो, झाड जगलंय. तीन महिने थांबून लिहितोय ते त्यासाठीच, रिपॉटिंगच्या (मुळं छाटून नव्या मातीत बसवायच्या) दिवशी सगळीच झाडं झक्कास दिसतात, खरं काय ते नंतर कळतंय.

झाड म्हणजे पप्पांचा वड. शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप पप्पांनी २०११ ला काढलं आणि तेव्हापासून ट्रेमध्ये वाढवलं. गेली चार-पाच वर्षं मात्र कुणी हातच लावला नव्हता. पाणी घातलं की वरच तळं साचायचं, आणि झाड ट्रेमधनं कुणी खालनं ढकलल्यासारखं वर आलेलं, म्हणजे आत नुसती मुळंच मुळं. त्याआधी एक छोटं फायकस (वडाच्याच कुळातलं झाड) दुसरीकडनं रिपॉट करून आणलेलं, त्यांनी नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतोय) बसवून दिलं. कोल्हापूरचा जुलै आणि वर कोकोपीट, मुळं काळी पडून वास मारायला लागली, गेलं झाड. त्यामुळं पप्पांचा वड न्यायचा म्हणजे पोटात गोळाच होता.

नर्सरीला बोर्ड-बिर्ड काय नाही, रस्त्यावरनं हिरवी नेट दिसती तीच खूण. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. तिथले मामा म्हटले, "ठेवून जाऊ नका, बसा, तुमच्यासमोरच करतो." इथंच अर्धे मार्क दिले मी.

झाड बाहेर काढलं तर मुळांचा ट्रेच्या आकाराचा पायपुसण्यासारखा गठ्ठा झालेला. मामांनी आकडीनं कडेपासनं हळूहळू सोडवत आणला, खाली जाणारी जाड मुळं कापली, बारीक तंतूसारखी जपली, कारण पाणी पिणारी तीच असतात. सगळं मिळून साधारण तिसरा हिस्सा काढला असेल. मधेच गिऱ्हाईक आलं तर उठताना मुळांवर ओलं पोतं टाकून गेले, उघडी मुळं वाऱ्यानं वाळायला पाच-दहा मिनिटं पुरतात म्हणे. मी यूट्यूब बघून गेलेलो, जपानची अकादामा माती आहे का विचारलं. हसले. ती काय करती, पाणी पण धरती आणि हवा पण खेळू देती, आपल्याकडं विटांचा चुरा तेच काम करतोय म्हटले. पण चुरा चाळून घेतलेला, खालची पूड फेकून दिली, ती राहिली की चिखल होऊन भोकं बुजतात. त्यात भरड वाळू आणि मूठभर जुनं गांडूळ खत, बस. ट्रेच्या भोकांतनं तार ओढून झाड खाली बांधून टाकलं आणि काडीनं टोचून टोचून मुळांच्या मधल्या पोकळ्या भरल्या. शेवटी झारीनं पाणी, खालनं गढूळ यायचं बंद होऊन नितळ येईपर्यंत. सगळ्याला दीड तास. मजुरी ६०० रुपये, माल धरून. मला काय जास्त वाटले नाहीत.

आता तक्रार. मामा हाताला चिखल असताना मला सांगत होते की महिनाभर वरनं कसलंही खत नको, कापलेल्या मुळांना झोंबतंय, आणि तिकडं काउंटरवरच्या पोरानं बिलात १९:१९:१९ ह्या रासायनिक खताची पुडी लावलेली, वर म्हणतो आठवड्यानं चमचाभर घाला! मी परत दिली, पण ज्याला माहीत नाही तो घालणारच की ओ. घरी गेल्यावर काय करायचं हे एका कागदावर छापून द्यायला काय जातंय? तोंडी सांगितलेलं निम्मं गाडीवर बसेपर्यंत विसरलो. नंतर फोन केले तर मामा सकाळी उचलत नाहीत.

पण संध्याकाळी उचलला की नीट सांगतात, हे खरं. पाचव्या-सहाव्या दिवशी पानं पिवळी पडून गळाय लागली तेव्हा आई घाबरून सारखं पाणी घालाय लागली. मामा म्हटले, मुळं कमी झाल्यात, तेवढी पानं पोसणार कुठनं, म्हणून टाकतंय, पाणी वाढवू नका, पानं कमी म्हणजे पिणं पण कमी. काडी खुपसून बघायची, ओली आली तर झारी खाली ठेवायची. पानांवर फवारा चालतोय. सावलीत, पण उजेड पाहिजे, वारा नको. पाऊस लागल्यावर पत्र्याखाली घेतलं आणि ट्रेच्या एका बाजूला विटेचा तुकडा सरकवून तिरकं ठेवलं, जादाचं पाणी आपसूक निघून जातंय. हे मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं.

खरी पंचाईत वटपौर्णिमेला. आई दरवर्षी ह्याच वडाला पुजती, फांद्या तोडून आणलेल्या तिला चालत नाहीत. आणि रिपॉटिंगला जेमतेम दोन आठवडे झालेले, दोरा गुंडाळताना खोड हललं की आत नुकतीच फुटलेली कोवळी मुळं तुटणार. आईला सांगायचं कुणी? पप्पा पेपरमागं लपले. शेवटी मीच मामांना फोन लावून आईच्या हातात दिला. पलीकडनं काय बोलले देव जाणे, आई म्हणाली, "बरं बरं, ट्रेला गुंडाळते." सात फेरे ट्रेलाच झाले, दूध मातीत न ओतता बाहेर वाटीत. कंकू तेवढं दगडाला लावलं. फोनवर असली सर्व्हिस कुठं मिळणार हो?

तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला लालसर कोंब दिसला. आता ऑगस्ट संपत आलाय, झाड भरलंय आणि भोकाच्या जाळीतनं पांढरी मुळाची टोकं डोकावतात.

एक मार्क कापला तो पुडीचा आणि कागदाचा. सोमवारी बंद असतंय, कार्ड चालत नाही, यूपीआय चालतंय. आणि बॉक्स ते देत नाहीत, घरनं भाजीचा क्रेट घेऊन जावा, मी टू-व्हीलरवर पायात ट्रे धरून रंकाळ्यापर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला शिव्या देत आलोय.