दोन पोरं आणि एक सायकल: बाकफीट्स घ्यावी की लाँगटेल?

आम्ही ॲमस्टलवेनला आलो तेव्हा मोठा तीन वर्षांचा होता आणि धाकटी सात महिन्यांची, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारीण तीन पोरं पुढच्या खोक्यात भरून, त्यांच्या पायाशी किराणा कोंबून, भर पावसात निवांत गप्पा मारत समोरून गेली. त्याच दिवशी ठरलं की आपल्याला पण हे पाहिजे. नक्की कुठली पाहिजे हे ठरायला मात्र पाच महिने लागले आणि मधे एकदा चुकीची घेता घेता वाचलो. आता ओळखीतलं कुणी नेदरलँड्सला यायचं ठरलं की घर, शाळा आणि मग थेट सायकल हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बाक म्हणजे खोकं आणि फीट्स म्हणजे सायकल, एवढंच ते नाव. पर्याय चार: पुढे खोकं असलेली दोनचाकी बाकफीट्स, तशीच तीनचाकी, मागचं कॅरिअर लांब असलेली लाँगटेल, आणि साध्या सायकलला दोन सीटा. मुलांची ट्रॉली मागे जोडतात तो पाचवा प्रकार, पण त्यात पोरं गाड्यांच्या सायलेन्सरच्या उंचीवर बसतात, मला नाही पटलं, सोडून देते.

साध्या सायकलपासूनच सुरू करा, खरंच. आमच्या बाबांच्या सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून मी शाळेत गेलेय, पण इथे आठ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय टेकायला आधार असलेली सीट कायद्याने लागते. पुढची सीट १५ किलोपर्यंत चालते, मागची २२ पर्यंत, आणि बाळ स्वतः नीट बसायला लागलेलं हवं, म्हणजे साधारण नऊ महिन्यांपुढे. दोन्ही सीटा मिळून दोनेकशे युरोत काम होतं. अडचण एकच, पुढची सीट भरली की हँडल जड होतं आणि उतरताना तुमचा पाय, पोराचं डोकं आणि दप्तर सगळं एकाच जागी येतं, आणि एकाला काढताना सायकल दुसऱ्यासकट आडवी व्हायला एक सेकंद पुरतो. तरी एकच मूल असेल आणि शाळा दोन किलोमीटरच्या आत असेल तर पुढचं वाचायची पण गरज नाही, पाच-सहा हजार युरो वाचवा.

आता दोन मुलं असतील तर. सगळ्यांना पहिल्यांदा तीनचाकीच आवडते, कारण पडणार नाही असं वाटतं. मलापण तसंच वाटलं. कोपनहेगनच्या क्रिस्टियानियात १९८४ साली जी तीनचाकी बनली तिच्याच वळणावर अजून बऱ्याच तीनचाकी बनतात, पुढे दोन चाकं आणि त्यांच्या मधे पेटी, आणि उभी असताना ती खरंच देवासारखी वाटते. सिग्नलला पाय टेकवायचा नाही, पोरं आपली आपण चढतात, चार पोरं सुद्धा मावतात. पण चालवताना ती सायकल नाहीच, ती हातगाडी आहे. वळताना सायकलसारखी कलत नाही, त्यामुळे जरा वेगात वळलात की आतलं चाक उचलतं. दुकानाबाहेर ट्रायल घेताना माझं उचललं, खोकं रिकामं होतं म्हणून ठीक, पण नवरा फुटपाथवरून ओरडला तो आवाज अजून आठवतो. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर ती तिकडे ओढत राहते आणि पूर्ण वेळ तुम्ही हँडलशी भांडत असता. कलणाऱ्या तीनचाकी पण मिळतात, छान चालतात, पण महाग आहेत आणि उभं असताना त्यांचं कलणं लॉक करावं लागतं, म्हणजे तीन चाकांचा मुख्य फायदाच गेला की! तोल सांभाळायचा काही त्रास असेल किंवा तीन-चार पोरं रोज हळूहळू जवळच न्यायची असतील, तर तीनचाकी बरोबर. नुसत्या भीतीपोटी घेऊ नका, कारण दोनचाकीची भीती आठवड्यात जाते.

ती कशी जाते ते सांगते. दोनचाकीचं पुढचं चाक छोटं, २० इंची, आणि तुमच्यापासून फार लांब, खोक्याच्या पलीकडे, दिसतच नाही, हँडलपासून खालून रॉड नाहीतर केबल जाते. नवीन माणूस ते चाक शोधायला मान खाली घालतो आणि तिथेच लटपटतो. खाली बघायचंच नाही, लांब रस्त्याकडे बघायचं. आणि रिकामी शिकू नका, रिकामी असली की पुढून हलकी पडून उगाच नाचते. मी इंडियन दुकानातून आणलेली तांदळाची दहा किलोची गोणी आणि आट्याची दहा किलोची, दोन्ही बेल्टने बांधून रविवारी सकाळी पार्किंगमधे गोल गोल फिरले, चौथ्या फेरीला हात सैल पडले. पोरं बसवताना आधी सेंटर स्टँड, मग पोरं. स्टँड काढताना पोरं आत असतात आणि पूर्ण वजन एका झटक्यात पुढे येतं, तो झटका सवयीचा होईपर्यंत ब्रेक दाबून ठेवायचा.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती: कोपऱ्यावर तुमच्या डोळ्यांआधी पोरं रस्त्यात पोचतात. झुडुपाआडून गाडी येतेय का हे तुम्हाला दिसेपर्यंत खोकं मीटरभर पुढे गेलेलं असतं, त्यामुळे असल्या ठिकाणी थांबून, इंच इंच पुढे. बाकी पोरं समोर असणं हे सुख आहे. कोण झोपलं, कोणी मोजा काढून फेकला, सगळं दिसतं, रेनटेंट लावला की आत कोरडी ठाक, आणि बेबी शेल, म्हणजे तान्ह्या बाळाची सीट, बसवायचा अडॅप्टर मिळतो त्यामुळे नीट बसायला न येणारं बाळही नेता येतं. हे लाँगटेलवर जमत नाही, आणि आमचा निर्णय तिथेच झाला.

लाँगटेलबद्दल पण मनापासून चांगलंच बोलेन. चालवायला सगळ्यात सोपी, पहिल्या मिनिटाला जमते. टर्न कंपनीच्या जीएसडीसारखी तर १८० सेंटिमीटर लांब, म्हणजे साध्या सायकलएवढीच, आणि मागच्या टोकावर उभी पण करता येते. दोनचाकी बाकफीट्स साधारण अडीच मीटरच्या वर जाते. ॲमस्टरडॅममधे जिना चढून तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीने लाँगटेल घेतली आणि बरोबर केलं, तिच्या इमारतीच्या बोळात माझी वळलीच नसती. पोरं मोठी झाली तरी मागे बसतात. पण पाठीमागे काय चाललंय ते कळत नाही, दोघांची मारामारी सुरू झाली की फक्त सायकल हलते त्यावरून ओळखायचं, आणि वजन उंचावर असल्याने उभी असताना ती हलली तर हाताला चांगलीच जाणवते. मुलं साधारण तीनच्या पुढची असतील तर लाँगटेल, एक जरी तान्हं असेल तर खोकं, असा माझा ढोबळ हिशोब.

घेण्याआधी दुकानात नाही, घरी मोजा. मी स्टोअररूमच्या दारापासून रांगोळीने जमिनीवर २६० बाय ७० सेंटिमीटरचा चौकोन काढला. दार ८५ चं होतं, तीनचाकी तिथेच बाद. दोनचाकी दारातून गेली असती पण आत वळायला जागा आहे का ते चौकोन फिरवून फिरवून बघितलं, खालच्या आजी कुठला सण आहे म्हणून विचारायला आल्या.

मोटर हवीच का? हो. देश सपाट आहे पण वारा सपाट नाही, आणि ५० किलोची सायकल अधिक दोन पोरं समोरून येणाऱ्या वाऱ्यात ढकलणं म्हणजे रोज सिंहगड. मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होते, पुरते. नवीन मोटरवाली साडेपाच ते सात हजार युरो धरा. कंपनी सायकल लीज देत असेल तर आधी तिथे विचारा: सायकलच्या किमतीच्या ७ टक्के तुमच्या वार्षिक उत्पन्नात धरतात, म्हणजे ६००० ची असेल तर ४२०, आणि त्यावर टॅक्स. चोरीचा विमा घ्याच, आणि कुलूप कुठल्या दर्जाचं लागतं ते पॉलिसीत वाचून मगच कुलूप घ्या.

जुनी घेणार असाल तर फ्रेम नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फेब्रुवारी २०२४ मधे इथल्या सरकारी खात्याने फ्रेम तुटण्याच्या धोक्यामुळे बाबू (Babboe) या ब्रँडच्या बाकफीट्सची विक्री थांबवून काही मॉडेलं परत मागवायला लावली होती, त्यामुळे त्या ब्रँडचं मॉडेल परत मागवलेल्यांत होतं का ते तपासा. बाकी कुठलीही असो, रग बाहेर काढून खोक्याखालच्या वेल्डिंगच्या जोडांवर मोबाईलचा टॉर्च मारा, रंगात केसासारखी रेघ दिसली तर सरळ चहा पिऊन घरी या.