दिव्यांग मालकीची वाहन नोंदणी, नागपूर: सोय चांगली, पण कागद आधी

पाचपैकी साडेतीन तारे. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ आहे, जीएसटी सवलतीसह आणि सवलतीविना असा वेगवेगळा. शोरूमचा मुलगा सवयीने ‘वैयक्तिक’ टाकून मोकळा होतो. तो रकाना सही करण्याआधी स्वतः वाचा, नंतरची दुरुस्ती म्हणजे नसता हेलपाटा.

जीएसटीचं गणित आता बदललंय. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांनाच १८ टक्क्यांत मिळते. अस्थिव्यंगासाठीचा सवलतीचा दरही तोच होता. त्यामुळे जीएसटी सवलतीच्या प्रमाणपत्रासाठी आता धावपळ करण्यात काही हशील नाही. एजंट त्याचे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

राज्याचा एकरकमी कर हा वेगळा विषय. माफीचं विचारायचं ते कर भरण्याआधी, आरटीओत. भरलेला कर परत मागणं फार किचकट.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, रंग बघा: दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल तर पिवळं, ८० आणि त्यावर निळं, ४० च्या खाली पांढरं. पांढऱ्यावर सवलतीची आशा ठेवू नका. टक्केवारी मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या बोर्डाकडून येते. आधारवर ‘रामराव’ आणि कार्डावर ‘रामराव जी’ असलं तरी अर्ज अडकू शकतो.

स्कूटरला बाजूची चाकं लावायची असतील तर आधी आरटीओची मंजुरी, मग गॅरेज. आरसीवर बदल चढला की विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघाताच्या दाव्यात त्यावरच बोट ठेवतील.