प्रेस्कॉट की पार्कमन, आधी कोणाला वाचायचं?

दोघंही अमेरिकन इतिहासकार, दोघंही हार्वर्डला शिकलेले, दोघांचंही घर बोस्टनला, दोघांनाही डोळ्यांचा त्रास, पण इतिहास लिहायची पद्धत एकदम वेगळी. प्रेस्कॉटला (१७९६-१८५९) कॉलेजच्या मेसमध्ये कोणीतरी फेकलेला पावाचा कडक तुकडा डोळ्यावर बसला, तो डोळा कायमचा गेला आणि पुढे दुसराही दगा द्यायला लागला. मग तो नॉक्टोग्राफवर लिहायचा, म्हणजे चौकटीत आडव्या पितळी तारा, खाली कार्बनचा कागद, आणि तारेच्या आधाराने टोकदार लेखणीने न बघता ओळी ओढत जायच्या. स्पेनहून कागदपत्रांच्या नकला मागवायच्या, सेक्रेटरीकडून वाचून घ्यायच्या, आणि मेक्सिकोला एकदाही न जाता १८४३ ला स्पेनने केलेल्या मेक्सिकोच्या पाडावाचा इतिहास छापला, खरंच कमाल आहे. पार्कमन (१८२३-१८९३) याच्या अगदी उलट, १८४६ मध्ये थेट ओगलाला या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या तळावर जाऊन राहिला, नंतर तब्येत पार ढासळली तरी फ्रान्स-इंग्लंडच्या अमेरिकेतल्या झगड्यावर १८६५ ते १८९२ खंडामागून खंड काढत राहिला. त्याची जंगलं, नद्या डोळ्यासमोर उभ्या राहतात. पण मूळ रहिवाशांना तो सर्रास रानटी म्हणतो, इतकं जवळ राहूनही, ते मला फार खटकतं. म्हणून मी तरी आधी प्रेस्कॉटच सुचवेन, आणि त्याच्या तळटीपा अजिबात सोडू नका.