कार्ड की तास? भाचरांना घेऊन आर्केडला जाण्याआधी

मे महिन्यात पुण्यात भाचरं आली की पहिले दोन दिवस ठरवावे लागत नाहीत. एका पहाटे सिंहगड, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. दुसऱ्या दिवशी शनिवारवाडा, केळकर संग्रहालय आणि तुळशीबागेत शिरलेल्या बायकांची बाहेर उभं राहून वाट बघणं. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं पंख्याखाली फरशीवर आडवी होतात, प्रत्येकाच्या तोंडापुढे एकेक मोबाइल, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, यांना ने की कुठंतरी!"

आमच्याकडे या सुट्टीत सांगलीहून ताईची दोन्ही आली होती. अथर्व पंधराचा, मृण्मयी तेराची. आमची इरा चौदाची. वय मोठं अवघड. पेशवे उद्यानातल्या फुलराणीत बसायला मोठी आणि गावभर एकटी सोडायला लहान. उन्हातही नेता येत नाही. मग उरतं ते एसी, दिवे आणि दणदणाट असलेलं गेम झोन.

पुण्यात असली ठिकाणं आता सांगावी लागत नाहीत. विमाननगर, हडपसर, औंध, वाकड, कुठल्याही मोठ्या मॉलचा वरचा मजला गाठा, दिसेलच. त्यामुळे नावांची यादी देत बसत नाही. माझं आपलं मत असं झालंय, की दुपार कशी जाणार ते नावावर नाही, पैसे कसे घेतात त्यावर ठरतं. एक प्रकार कार्डाचा. कार्डात पैसे भरा, मशीनला टेकवा, दर खेळाला पैसे कापले जातात. दुसरा तासाचा. दारात एकदाच पैसे, मनगटाला कागदी पट्टी, मग वेळ संपेपर्यंत हवं ते खेळा. काही ठिकाणी दोन्ही चालतं, तेव्हा काउंटरवर आठवणीने विचारा.

आम्ही दोन्ही करून पाहिली. शनिवारी संध्याकाळी कार्डाचं, मंगळवारी सकाळी तासाचं. शनिवार संध्याकाळ आणि मंगळवार सकाळ यांची तुलना काही न्यायाची नाही, हे मान्य. तरी करतो.

आधी कार्डाच्या ठिकाणाचं चांगलं सांगतो, कारण ते बरंच आहे. मशीन नवीकोरी. शर्यतीच्या गाडीत बसलं की सीट हलते, वळणावर स्टिअरिंग हाताला हिसका देतं. स्वच्छतागृह स्वच्छ. आणि मुख्य म्हणजे ज्यांना खेळायचं नाही त्यांची सोय होते. बायको खालच्या दोन मजल्यांवर दोन तास आनंदात होती. घरात आजी-आजोबा बरोबर असतील, कडेवर एखादं लहान असेल, तर मॉलला पर्याय नाही. वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो सरळ जाते, गाडी बदलावी लागत नाही, त्यामुळे कोथरूडकरांना नगर रस्त्याकडची सहल पूर्वीसारखी शिक्षा राहिलेली नाही. सांगलीच्या पोरांना तर मेट्रो हीच अर्धी सहल होती. पगडीच्या आकाराचं डेक्कनचं स्टेशन आल्यावर मृण्मयीनं खिडकीला नाक लावलं ते नदी ओलांडेपर्यंत काढलं नाही.

आता खटकलं ते.

तिघांत मिळून एक कार्ड घेतलं, त्यात पंधराशे रुपये भरले. मशीनवर भाव रुपयांत नव्हता, पॉइंटांत होता. रुपयांचे पॉइंट झाले की आमच्यासारख्यांचा हिशोब सुटतो, पोरांचा तर मुळात नसतोच. अर्ध्या तासात इरा आली. "बाबा, संपले." रिचार्जच्या रांगेत उभा राहिलो, पाचशे भरले. वीस मिनिटांनी परत. इराला यात काही वाटत नाही. बापाचे पैसे तिच्या लेखी महापालिकेच्या नळासारखे, आज ना उद्या येणारच.

अथर्वचं तसं नव्हतं. तो बंदुकीच्या खेळावर उभा होता, पडद्यावर सांगाडे येतात आणि आपण ते उडवायचे. पोरगं तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं. मागे दोन-तीन अनोळखी मुलं जमून बघायला लागली होती. आणि मेला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'कंटिन्यू?' आणि खाली आकडे, १०, ९, ८. एवढ्या वेळात कार्ड टेकवलं तर जिथे मेला तिथून पुढे, नाहीतर पहिल्यापासून. कार्ड इराकडे, इरा गर्दीत कुठेतरी, आणि कार्डात बहुतेक काही नाहीच. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी रांगेतून हात केला, थांब, आणतो. ५, ४. त्यानं मान हलवली, बंदूक नीट जागेवर अडकवली आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "ऱ्हाऊ दे की मामा."

त्यानंतर तासभर तो खेळला नाही. इतरांच्या मागे हाताची घडी घालून उभा. विचारलं की, "बघतोय की. मजा येतीय." पाहुण्याचं पोर, मामाकडे चौथ्यांदा पैसे मागणार कसं? निघताना ताईनं बजावून पाठवलं असणार. आमच्या आईनं आम्हाला मामाकडे जाताना तसंच बजावलं होतं.

मी काही कंजूस नाही. (बायकोचं मत वेगळं असू शकेल.) माझी तक्रार खर्चाची नाहीच. दोन्हीकडचा हिशोब केला तर आमचा फरक चारेकशे रुपयांचा आला, तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. तक्रार आहे त्या दहा आकड्यांची. दर तीन मिनिटांनी कुणीतरी मोठ्या माणसाकडे बघायचं, मोठ्यानं खिशाकडे बघायचं, आणि मागं उभ्या असलेल्यांनी दोघांकडे.

हे काही आजचं नाही म्हणा. १९७८ साली जपानात स्पेस इन्व्हेडर्स आलं, १९८० साली पॅक-मॅन. तेव्हापासून या धंद्याचं गणित सरळ आहे. एका नाण्यात माणूस फार वेळ जगता कामा नये, नाहीतर डबा भरत नाही. स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू जितके कमी उरतात तितके वेगानं सरकतात, खेळलेल्यांना आठवत असेल. आमच्या लहानपणी बोळातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातही हेच चालायचं, रुपयाला एक नाणं. पण तो रुपया मुठीत घामेजलेला असायचा, आपला असायचा. संपला की संपला, घरी. कुणाकडे बघावं लागत नसे. कार्डानं पैसा दिसेनासा केला आणि मागणं मात्र तसंच ठेवलं.

तिकिटांचंही बोललं पाहिजे. बास्केटबॉल टाका, हातोड्यानं बेडूक ठोका, तिकिटं मिळतात, ती देऊन बक्षीस. मृण्मयीनं जीव तोडून सहाशेच्या वर जमवली. काउंटरवर गेल्यावर त्यात एक पेन्सिल, एक खोडरबर आणि चॉकलेटं बसली. तिला मात्र त्या पेन्सिलीचं अजून कौतुक आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तेराच्या आतली मुलं असतील तर तिकिटांची जादू धरून चला. तासाच्या ठिकाणी ती नव्हती.

आणि तो पंजा! काचेच्या पेटीतला, बाहुली उचलणारा. पंजा किती घट्ट धरणार हे बऱ्याच मशीनमध्ये मालकाला ठरवता येतं, दर किती डावांनी जोर द्यायचा तेसुद्धा. म्हणजे तुमचा नेम कितीही अचूक असो, बाहुली निम्म्यावर येऊन सुटते ती उगाच नाही. पोरांना हे आधी सांगू नका, आधी दोनदा हरू द्या. अथर्वनं दुसऱ्यांचे चार डाव बघितल्यावर स्वतःच ओळखलं, "वर आल्यावर ढिला सोडतोय मामा त्यो." उभं राहून बघण्याचा तेवढा एक फायदा.

आता मंगळवार. तासाचं ठिकाण एका साध्या व्यापारी इमारतीत वरच्या मजल्यावर. गाडी लावायला दोन चकरा. जिना जुना. मशीनही वयस्कर. एका गाडीचं स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं, नाचायच्या खेळाची पाटी एका बाणावर जोरात पाय आपटल्याशिवाय ऐकत नव्हती. व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून खेळायच्या खेळाचे, वेगळे पैसे, पट्टीत ते येत नाही. बायको दहा मिनिटं बसली आणि "मी लक्ष्मी रोडला जाऊन येते" म्हणून निघाली. बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकंदर, दारातून आत गेल्यावर मला वाटलं, फसलो.

पहिला अर्धा तास पोरं सैरावैरा धावली. या मशीनवरून त्या मशीनवर, एक खेळ पुरा नाही, हॉटेलात जेवणावळीचं पहिलं पान वाढल्यासारखं सगळ्यात बोट घातलं. मग हळूहळू निवली. इरा आणि मृण्मयी एअर हॉकीवर गेल्या त्या तिथेच. किती डाव झाले मोजले नाहीत. शेवटी दुसऱ्या कुणाची दोन मुलं येऊन मिसळली आणि चौघांची स्पर्धा लागली, भिंतीवरच्या कागदावर गुण लिहिणं सुरू झालं. कार्डाच्या ठिकाणी अनोळखी मुलांत हे होणं अवघड. पुढचा डाव कुणाच्या कार्डावर, हा प्रश्न मध्ये येतो.

आणि अथर्व. इथेही बंदुकीचा खेळ होता, बराच जुना. मेला. पडद्यावर तेच, १०, ९, ८. त्यानं सवयीनं मागे पाहिलं. मग लक्षात आलं, बटण दाबलं, पुढे. परत मेला, परत दाबलं. मशीन त्याला तीन मिनिटांत मारायला बनवलेलं, आणि त्याला मरणाचं काही वाटेनासं झालेलं. त्याच जागी पाच-सहा वेळा मेल्यावर तिथला सांगाडा कुठल्या खांबामागून येतो हे त्याला पाठ झालं. पाऊण तासानं शेवटच्या राक्षसाला पाडून तो माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला, केस घामानं चिकटलेले, आणि म्हणाला, "मामा, तुमी या की एकदा." मी गेलो. पहिल्याच खोलीत मेलो. पोरगं हसून हसून लोळायचं बाकी होतं.

तासाचा तोटा एकच, पण मोठा आहे. रांग. तिथे गर्दी झाली की रांगेत उभं राहण्याचेही पैसे तुम्हीच देताय, आणि घड्याळाकडे बघणारा बाप हा रिचार्जच्या रांगेतल्या बापाइतकाच वाईट दिसतो. शनिवारी-रविवारी संध्याकाळी तासाचं घेऊ नका, अगदी स्पष्ट सांगतो. आठवड्यातल्या दिवशी, उघडल्या उघडल्या जा. दोन तास पुरतात. तीन तासांचा भाव मोहात पाडतो, पण दोन तासांनंतर आमची तिघंही नुसती बसून पाण्याच्या बाटल्या उडवून उभ्या करत होती, आणि ते घरी फुकट करता येतं.

बोलिंग असेल तर ते दोन्हीकडे बहुधा वेगळं मोजतात, डावावर. एका डावात दहा फेऱ्या, चार जण असले की सहज पाऊण तास जातो, आणि त्यात मोठ्यांनाही खेळता येतं, म्हणून मला ते पैसे वाजवी वाटतात. फक्त मोजे घरून न्या. बूट तिथे मिळतात, मोजे नाहीतर विकत घ्यावे लागतात, आणि मे महिन्यात पुण्यात मोजे घालून कोण बाहेर पडतं? आम्ही पाच जोड घेतले. त्यातला माझा जोड तळव्याला 'आय लव्ह बोलिंग' असं जाहीर करतो.

तर कुणी कुठं जावं? बरोबर लहान मूल, आजी, न खेळणारी बायको, हातात तासभरच वेळ आणि वार शनिवार, अशी गाडी भरलेली असेल तर कार्ड. एवढं मात्र करा, एका कार्डात तिघांचं घालू नका. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र कार्ड, ठरलेले पैसे, आणि भरताना सगळ्यांसमोर सांगून टाका की एवढेच. आमचं निम्मं बिनसलं ते माझ्या एकत्र कुटुंब पद्धतीमुळे. हे केलं असतं तर कदाचित माझं मत इतकं एका बाजूला झुकलं नसतं.

पण तेरा ते सोळाची पोरं असतील, त्यात एखादं पाहुण्याचं असेल, आणि कामाच्या दिवशी एक सकाळ मोकळी काढता येत असेल, तर मी तासाचंच घेईन. मशीन जुनी असली तरी. पोरांनी त्या ओढणाऱ्या स्टिअरिंगबद्दल अवाक्षर काढलं नाही, तक्रार माझीच होती.

शनिवारच्या कार्डात पंचेचाळीस पॉइंट उरले आहेत. परत मिळत नाहीत, आणि तिथला सगळ्यात स्वस्त खेळ साठचा आहे. कार्ड आमच्या टीव्हीखालच्या खणात पडून आहे. कोथरूडमध्ये कुणाला हवं असेल तर येऊन घेऊन जावं, दुपारी एक ते चार सोडून.