गुलाबाची कमान घेताय? आधी वजन विचारा!

दोन कमानी 15,600, तीन ओबेलिस्क (वेल चढवायचे उभे, निमुळते सांगाडे) 7,350, वाहतूक 1,200. एकूण 24,150 रुपये, सगळे आगाऊ. पहिल्याच पावसात जॉइंटमधून तांबूस ओघळ सुरू झाले.

जाहिरातीत लिहिलं होतं ‘हॉट डिप गॅल्वनाइज्ड, 16 मिमी पाइप, 1.6 मिमी जाडी’. हॉट डिप म्हणजे गंज धरू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं. आलं ते साध्या लोखंडावर चंदेरी रंग फासलेलं. पाइप कापून मोजला, जाडी 0.6! आणि जाहिरातीच्या व्हिडिओत विक्रेता सात फुटी कमान एका हाताने उचलून मिरवत होता. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी विचारलंही होतं, “एवढी हलकी कशी?” “मॅडम, नवीन टेक्नॉलॉजी.” सांगितलेल्या जाडीचा पाइप मीटरला साधारण 570 ग्रॅम भरतो, आलेला 230 सुद्धा नाही. पण गुलाब लावणाऱ्या बाईने हा हिशेब पाठ ठेवायचा का? छापील बिल होतं, वॉरंटी कार्ड होतं. संशय घ्यायचा तरी कशावर?

कमानीवर झेफिरीन द्रुआँ चढवला होता. 1868चा जुना वेलगुलाब, बोर्बन जातकुळीचा, जवळजवळ बिनकाट्याचा, म्हणून मुद्दाम वाटेवर. वेलगुलाबाला तणावे नसतात, तो स्वतः काही धरत नाही. बांधाल तिथे सगळा भार. फुलं भिजून जड झाली, कमान कंबरेत मोडली आणि अंगठ्याएवढी जाड फांदी बुडापासून चिरली.

लोहचुंबक लावून काही कळत नाही, जस्ताखालीही लोखंडच असतं. वेल्डिंगचा जवळून काढलेला फोटो मागा. जस्त वेल्डिंगनंतर चढवलेलं हवं. आधी चढवलेलं जॉइंटपाशी जळून जातं आणि गंज तिथूनच धरतो. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) म्हणाले तर खाली जस्त आहे का, ते लेखी घ्या. पूर्ण पैसे आगाऊ? अजिबात नाही.

विक्रेत्याचा फोन बंद. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. पोलीस म्हणतात, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक तक्रारीकडे जा.” तिथे गेले तर, “विक्रेत्याचा पत्ता आणा.” अहो, पत्ता असता तर तुमच्या दारात कशाला आले असते! बिलावरचा पत्ता खोटा आहे हीच तर तक्रार आहे. फोटो मागितले, दिले. पुन्हा तेच मागितले, पुन्हा दिले. मग एक मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया सेवेला गुण द्या.’

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने फिरतोय. कमानीमागे 500 रुपये वाढवलेत.