यामनस्का वुल्फडॉग सँक्च्युअरी, कोक्रन: लांडगा पाळू पाहणाऱ्यांनी आधी येथे जाऊन यावे

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कॅलगरीहून बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाकडे निघालेले बहुतेक पाहुणे ट्रान्स-कॅनडा महामार्ग धरतात, त्यामुळे कोक्रन गावावरून जाणाऱ्या जुन्या १ए रस्त्याकडची एक वेगळी जागा त्यांच्याकडून पाहायची राहून जाते. ‘यामनस्का वुल्फडॉग सँक्च्युअरी’ ही संस्था २०११ पासून लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेल्या, म्हणजेच ‘वुल्फडॉग’ म्हटल्या जाणाऱ्या, आणि पुढे मालकांना न झेपलेल्या प्राण्यांना आश्रय देत आली आहे. नुसतीच करमणूक हवी असेल तर अल्बर्टात त्याहून भव्य ठिकाणे पुष्कळ आहेत. परंतु असा प्राणी घरी आणावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याला यापेक्षा उपयोगी सहल मी सुचवू शकणार नाही.

पाहण्याचे प्रकार मुख्यतः दोन. ‘सँक्च्युअरी वॉक’मध्ये कुंपणांच्या बाहेरच्या वाटेने आपल्या सवडीने फिरायचे असते आणि संस्थेची माणसे माहिती देतात, शंकांना उत्तरे देतात. ‘इंटरॅक्टिव्ह टूर’मध्ये लहान गटाला मार्गदर्शकाबरोबर कुंपणाच्या आत नेले जाते आणि प्राण्यांना खाऊ देता येतो. आत गेल्यावर प्राण्याच्या मागे जायचे नाही, तो आपणहून जवळ आला तरच हात पुढे करायचा, हा शिरस्ता मला फार आवडला. मोबाइल पुढे करून प्राण्याला कोपऱ्यात गाठण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला येथे थारा नाही.

या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्राणी ‘वाचायला’ शिकणे. विक्रेते ‘नव्वद टक्के लांडगा’ अशा आकड्यांनी गिऱ्हाइकाला भुरळ घालतात. प्रत्यक्षात एकाच विणीतल्या पिल्लांमध्येही लांडग्याचा वारसा कमीअधिक उतरतो, त्यामुळे जनुकीय तपासणीशिवाय सांगितलेल्या टक्केवारीला फारसा अर्थ नसतो. म्हणूनच वुल्फडॉगचे लांडग्याच्या अंशानुसार कमी, मध्यम आणि जास्त असे ढोबळ गट करतात, आणि शरीराची ठेवण व वागणूक पाहून अंदाज बांधतात. लांडग्याची छाती अरुंद, पाय लांब, पंजे मोठे, कान लहान व आतूनही केसाळ, शेपूट सरळ खाली लोंबणारे आणि डोळे पिवळसर किंवा पिंगट असतात. वळलेले शेपूट, उंच टोकदार कान आणि विशेषतः निळे डोळे दिसले की कुत्र्याचे रक्त आहे हे निश्चित समजावे, कारण प्रौढ लांडग्याचे डोळे निळे नसतात. समाजमाध्यमांवर ‘लांडगा’ म्हणून मिरवणारे निळ्या डोळ्यांचे कितीतरी प्राणी या एकाच कसोटीवर कुत्रे किंवा संकर ठरतात. गंमत अशी की उत्तर अमेरिकेतल्या अस्सल रानटी लांडग्यांचा काळा रंगसुद्धा पूर्वी कधीतरी कुत्र्यांशी झालेल्या संकरातून आला, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवून दिले आहे. तेव्हा काळा रंग म्हणजे अधिक रानटी, हा समजही सोडून द्यावा लागतो.

पुण्याहून आलेला माझा भाचा असा प्राणी राखणीसाठी उत्तम, या ठाम समजुतीने आमच्याबरोबर आला होता. जास्त अंशाचा एक नर आम्हां सर्वांना पाहताच कुंपणाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला आणि तेथून हलेना, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, हा तर भुंकतसुद्धा नाही!” लांडगा क्वचितच भुंकतो. अनोळखी माणूस दिसला की अंगावर न जाता दूर सरकणे हाच त्याच्या जगण्याचा मार्ग आहे, आणि हा बुजरेपणा संकरातही टिकून राहतो. माणसाळलेले लांडगे तयार करणाऱ्या संस्था पिल्लांना डोळे उघडण्याच्या सुमारास, म्हणजे दहा-बारा दिवसांचे असतानाच आईपासून घेतात आणि रात्रंदिवस त्यांच्या सोबत राहतात. इतके करूनही तयार होणारा प्राणी माणसाला सहन करतो, माणसाची आज्ञा पाळतोच असे नाही.

घरी पाळण्याचा हिशेब मांडायचा तर खर्चाआधी कुंपणाचा विचार करावा लागतो. साधारण आठ फूट उंच, वरून आतल्या बाजूला कललेले आणि खालून उकरून पळता येऊ नये म्हणून जमिनीत जाळी पुरलेले कुंपण ही किमान गरज मानली जाते. प्राणी एकटा ठेवता येत नाही. त्याला स्वजातीयाची सोबत लागते. सोफा, दरवाजा, गाडीची आतली बैठक यांतले काहीही शिल्लक राहील अशी हमी देता येत नाही, शिवाय आपली हद्द लघवीने आखण्याची खोड घराच्या भिंतींपाशीही थांबत नाही. कुत्रा वर्षाच्या आत वयात येतो, लांडगा मात्र दोन वर्षांच्या आसपास. तोवर गोंडस वाटलेले पिल्लू त्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे लांडग्यांच्या वर्षातून एकदाच येणाऱ्या माजाच्या काळात, घरच्या माणसालाही आव्हान देऊ लागू शकते.

आणखी एक अडचण येथे आल्यावर विचारून घ्यावी अशी आहे, ती रेबीजची. शेजारच्या अमेरिकेत कुत्र्यांसाठी परवाना मिळालेल्या रेबीजच्या लशी लांडगा-संकरांसाठी परवानाप्राप्त नाहीत. कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याची ठरलेली पद्धत आहे. संकराबाबत मात्र अधिकारी त्याला वन्य प्राणी मानून मारून मेंदूची तपासणी करण्याचा निर्णय घेऊ शकतात. लाडक्या प्राण्याने खेळता खेळता शेजारच्या मुलाचा हात धरला तरी तेवढ्यावरून त्याचा जीव जाऊ शकतो, याची कल्पना हौशी मालकाला सहसा नसते.

संकराची ही हौस आजची नाही आणि ती केवळ हौसही नव्हती. हॉलंडमध्ये लेएन्डर्ट सार्लोस यांनी १९३० च्या दशकात जर्मन शेफर्ड आणि लांडगीण यांच्या मिलनातून अधिक काटक व उपयोगी कुत्रा घडवण्याचा खटाटोप केला. निपजला तो संशयी, पळून जाण्याकडे कल असलेला प्राणी. १९७५ साली त्या जातीला त्यांच्या नावाने मान्यता मिळाली, पण तोवर ते हयात नव्हते. चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून कारेल हार्टल यांच्या देखरेखीखाली सीमारक्षक दलासाठी असाच प्रयोग झाला आणि मे १९५८ मध्ये पहिली पिल्ले जन्मली. या दोन्ही मान्यताप्राप्त जातींमागे कित्येक पिढ्यांची निवड आहे आणि तरीही त्या नवख्या मालकाला झेपत नाहीत. मग कोणा विक्रेत्याने अंगणात जमवलेला संकर कितपत झेपेल, याचा अंदाज येथल्या कुंपणांमधून फिरताना आपसूक येतो.

भारतात परतल्यावर असा प्राणी घेण्याचे मनात असलेल्यांसाठी थोडे स्पष्ट लिहितो. भारतीय लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो पाळण्याचा प्रश्नच येत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने धोकादायक ठरवलेल्या २३ प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले, त्या यादीत ‘वुल्फ डॉग’ही होते, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. पुढच्या वर्षी बंगळूरच्या एका श्वानपालकाने पन्नास कोटींचा वुल्फडॉग घेतल्याची बातमी गाजली आणि तपास यंत्रणेच्या चौकशीत तो दावा टिकला नसल्याचे वृत्तही पाठोपाठ आले. या गदारोळात खरी गंभीर गोष्ट बाजूला पडते. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि गावकुत्रा यांचा संकर झाल्याचा भारतातला पहिला जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेथे संकर म्हणजे कोणाची मिरवण्याची हौस नसून, आधीच मोजके उरलेले लांडगे हळूहळू कुत्र्यांत विरघळून जाण्याचा धोका आहे. सासवड-सुप्याकडच्या माळांवर ज्यांनी मेंढपाळांच्या वाड्यांभोवती फिरणारा लांडगा पाहिला आहे, त्यांना कोक्रनचे हे कुंपणातले प्राणी पाहताना ही बाब अधिक बोचेल.

माझी एकच शंका आहे, आणि ती अशा सगळ्याच ठिकाणांबद्दल आहे. कुंपणाच्या आत जाऊन काढलेले छायाचित्र पाहणाऱ्याला त्यामागचे मार्गदर्शकाचे बोलणे ऐकू येत नाही. त्याला दिसते ते फक्त शेजारी शांत उभे असलेले देखणे जनावर, आणि ‘आपणही आणू’ ही इच्छा तेथेच रुजते. म्हणून आतली फेरी घेणाऱ्यांनी छायाचित्राखाली चार ओळी जरूर लिहाव्यात. संस्थेकडे आलेल्या कमी अंशाच्या प्राण्यांसाठी योग्य घर मिळाले तर ती ते दत्तकही देते. ज्यांची जागा, वेळ आणि अनुभव खरोखर पुरेसा आहे त्यांनी विकत घेण्याऐवजी तेथे चौकशी करावी.

वडीलधारी मंडळी आणि लहान मुले बरोबर असतील तर बाहेरच्या वाटेची फेरी पुरेशी आहे. वयाच्या अटी आणि चालू दर संकेतस्थळावर आधी पाहावेत, कारण वयाचा नियम दारात शिथिल होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. प्राण्यांच्या अंगावरचे दाट केस पूर्ण भरलेले हिवाळ्यातच दिसतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते केस गाळत असल्याने अगदीच किडकिडीत वाटतात. तेव्हा थंडी सोसणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारी निवडावा, बर्फात चालण्याचे बूट घालावेत आणि केसाळ कडांचे जॅकेट गाडीतच ठेवावे, कारण प्राणी तशा केसांना तोंड घालू शकतात. आतल्या फेरीचे गट लहान असतात, म्हणून पर्यटनाच्या दिवसांत आरक्षण आधीच केलेले बरे.